लाभ, दोन, तीन

जव्हारच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला गौराबाई नावाची बाई होती. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणं मोजकं. संध्याकाळच्या भाताचे तांदूळ काढायला ती कोठीत शिरली की बाहेर पोरी कान देऊन उभ्या राहायच्या. पहिलं माप घमेल्यात पडायचं आणि आतून गौराबाईचा आवाज यायचा, “लाभ.” मग दोन, मग तीन. पोरी तोंडावर हात दाबून खिदळायच्या.

“मावशी, तुम्हाला एक येत नाही का?”

गौराबाई रागवायची नाही आणि हसायचीही नाही. पुढचं माप भरायची. ही बाई पूर्वी मोखाड्याच्या डोंगरात एका पाड्यावर मास्तरीण होती, असं कुणीतरी पोरींना सांगितलं, तेव्हा तर त्यांना आणखीच चेव आला. मास्तरीण, आणि एक येत नाही! शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणणाऱ्या पोरींना एवढी गंमत पुष्कळ झाली.

तसं पाहिलं तर यात नवल काहीच नाही. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही रीत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. पहिलं माप लाभाचं. पण खळ्यावरची रीत खळ्यावर राहते. गौराबाई चिंचोके मोजताना, बादल्या मोजताना, वाळत घातलेल्या चादरी मोजताना सुद्धा लाभच म्हणायची. एक हा आकडा तिने तोंडातून काढूनच टाकला होता. आता शहाण्या माणसांनी यावर हसायचं तर खुशाल हसावं. पण तो आकडा तिने कुठे ठेवला हे आधी ऐकावं.

गौराबाई मूळची जामसरची. बाप भातशेती करायचा, पाऊस देईल तेवढं खायचा. घरात पोरगी हुशार निघाली म्हणून त्याने तिला जव्हारला मामाकडे ठेवली आणि संस्थानच्या मुलींच्या शाळेत घातली. पहिल्याच दिवशी बाईंनी पुढ्यात चिंचोके टाकले आणि म्हणाल्या, मोज. गौराने घरी जसं ऐकलं होतं तसं मोजायला घेतलं. लाभ, दोन, तीन. अख्खा वर्ग हसला. बाई देशावरच्या, त्यांना वाटलं पोरगी थट्टा करते आहे. त्यांनी बोटांवर पट्टी मारली आणि शाळा सुटेपर्यंत तिला दाराशी उभी करून ‘एक, एक’ असं म्हणायला लावलं. जाता-येता मुली बघत होत्या. त्या दिवशी गौरा एक शिकली आणि त्याच्याबरोबर लाजही शिकली. घरी बापाने विचारलं तेव्हा तिने मार लागल्याचं सांगितलं नाही. बाप खळ्यावर लाभ म्हणाला की तिला मात्र तेव्हापासून चोरट्यासारखं व्हायचं.

चौथी झाल्यावर तिचं लग्न झालं. नवरा जिवा संस्थानच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, आणि बायकोशी बोलायचा त्याहून जास्त घोड्यांशी बोलायचा, पण माणूस भला होता. संस्थान विलीन झालं म्हणजे नेमकं काय झालं हे जव्हारात ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घेतलं. जिवाला ते रिकाम्या पागेवरून समजलं. घोडे विकले गेले तरी तो कितीतरी दिवस सवयीने जाऊन पागा झाडत होता, आणि त्याला नको म्हणायलाही तिथे कुणी उरलं नव्हतं. पुढे एका पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो त्यातून उठला नाही. पोरबाळ नव्हतं. चौथी शिकलेली विधवा बाई, सासरी नकोशी आणि माहेरी जड.

संस्थान गेलं आणि संस्था आली, असं तेव्हा लोक चेष्टेने म्हणत. त्यातल्याच एका संस्थेने डोंगरातल्या पाड्यांवर लहान मुलांचे वर्ग काढायचं ठरवलं आणि बायका शोधायला सुरुवात केली. डोंगरात जाऊन राहायला तयार अशी बाई मिळेना. गौराबाई तयार होती, कारण तिला राहायला दुसरं ठिकाणच नव्हतं.

डहाणूकडे शिबिर झालं. तिथे त्यांना सांगितलं की मुलाला आकडा आभाळातून पडल्यासारखा देऊ नका, त्याच्या पाड्यातून उचलून द्या. त्याची घरं, त्याच्या चुली, त्याची झाडं, त्याची माणसं. मुलाला आपला पाडा कळेल आणि पाड्यातूनच मोजणं कळेल. आणि मारायचं नाही, अजिबात नाही. गौराबाईला हे सगळं मनापासून पटलं. आपल्याला असं कुणी शिकवलं असतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि कितीतरी वर्षांनी तिला बरं वाटलं.

तिला सादडपाडा मिळाला. मोखाड्याहून पायी उतरून, ओढा ओलांडून पुन्हा चढायचं. कुडाच्या भिंतींची घरं, माथ्यावर नागलीची शेतं, मधोमध सादड्याचं एक जुनं झाड. वर्गाला जागा कुठली, या प्रश्नावर पाड्यातले पुरुष एकमेकांकडे बघत बसले. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, “माझी पडवी हाय की. कोंबड्यां बसतात तं पोरां बसतील.”

ही गोजाबाई. तिचा मुलगा पांड्या जंगलाच्या कूपावर लाकूडतोडीला जायचा आणि महिनोन्महिने तिकडेच राहायचा. सून बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली नात, काळी तिचं नाव, पाचेक वर्षांची, आजीच्या पदराला धरून वाढलेली. गौराबाईला निजायला जागाही गोजाबाईनेच दिली, कणगीच्या आडोशाला. पाड्यावर सगळे सगळ्यांना अरेतुरे करत, मग तो पाटील असो नाहीतर देव. गोजाबाईही गौराबाईला ‘बाई’ म्हणायची आणि ‘तू’ म्हणायची. गौराबाई तिला आजी म्हणायची. पहिल्या रात्रीच तिने गौराबाईपुढे आंबील ठेवली आणि ती पिऊन होईपर्यंत समोरून हलली नाही.

हळूहळू नऊ मुलं जमली. मंगळू, सकू, बाळ्या अशी. पहिल्या दिवशी पडवीत येऊन बसली ती काळी, आणि तिच्या बगलेत एक कोंबडी होती. कोंबडीला बाहेर सोड म्हटलं तर तीही बाहेर जाऊन बसली. शेवटी कोंबडी आत घ्यावी लागली.

वर्ग पडवीत कमी आणि पाड्यात जास्त भरायचा. गौराबाई मुलांना घेऊन दारोदार हिंडायची. घरं किती? दारं किती? दारं मोजताना एकदा कडाक्याचं भांडण झालं. पोश्याच्या घराला दारच नव्हतं, बांबूचा झाप होता. मंगळू म्हणाला झाप म्हणजे दार नाही. सकू म्हणाली, रात्री पोश्याकाका तोच लावून निजतो ना, मग दारच. दिवसभर वाद चालला आणि शेवटी पोश्यालाच विचारायला गेले. पोश्या जरा विचार करून म्हणाला, “वाघ आला तं दार, पावना आला तं झाप.” दुसऱ्या दिवशी चुली मोजल्या, तर घरांपेक्षा एक जास्त भरली. पुन्हा मोजल्या, पुन्हा जास्त. मग बाळ्याने खाली मान घालून सांगितलं की आमच्या घरात काका वेगळा झाला, पण त्याला घर नाही, चूलच वेगळी आहे. घरं आणि चुली हे आकडे वेगळे का येतात हे पोरांना त्या दिवशी कळलं, आणि गौराबाईला पाडा कळला.

फक्त एका गोष्टीवर सगळं अडायचं. काहीही मोजायला घेतलं की नऊच्या नऊ पोरं एका सुरात म्हणायची, “लाभ, दोन, तीन…”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा गौराबाईच्या बोटांना जुनी पट्टी लागल्यासारखं झालं. “लाभ नाही. एक,” ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला देशावरच्या बाईंसारखा लागला. पोरं एक म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाभवर यायची. मारायचं तर नव्हतंच. मग तिने खेळ काढला. सादड्याखाली ओळ करायची. पहिल्याने मोजायला सुरुवात करायची. तो लाभ म्हणाला की ओळीच्या शेवटी जायचं, आणि एक म्हणाला तर पहिली जागा त्याची. पोरांना खेळ आवडला. एकेकाचा लाभ सुटत गेला. काळीचा मात्र सुटेना. ती पहिली यायची, लाभ म्हणायची, आणि न रडता कोंबडी घेऊन शेवटी जाऊन उभी राहायची. जणू काही तिला तीच जागा हवी होती.

मग एका सकाळी ती ओळीत पुढे आली, ओठ घट्ट मिटून उभी राहिली, एकदा मागे घराकडे बघितलं आणि म्हणाली, “एक.”

गौराबाईने तिला उचलून घेतलं. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून हळूच पुन्हा म्हणाली, एक. तेव्हापासून पहिली जागा काळीची ठरली. दुसरं कुणी तिथे उभं राहिलं तर बाकीची पोरंच त्याला बाजूला करायची. “ती काळीची. काळी एक हाय.”

थंडी पडली, नागली झोडून झाली, आणि वनरक्षकाबरोबर निरोप आला की संस्थेचे तपासनीस साहेब येणार आहेत. मुलांनी पाड्यातली माणसं मोजून दाखवावीत, घराघरातली, आणि स्वतःलाही मोजावं, असं साहेबांनी सांगितलं होतं. ज्या वर्गांचं काम दिसेल ते पुढे चालू राहतील, बाकीचे बंद करायचे असं घाटत होतं. गौराबाईने निरोप ऐकला. वर्ग बंद झाला तर जायचं कुठे, हा विचार आधी आला. मग पोरांचा आला. हा क्रम तिला पुढे फार बोचला, पण आला तो तसाच.

त्या संध्याकाळी तिने गोजाबाईला सांगितलं. म्हातारी चुलीत फुंकर घालत होती. ती थांबली.

“बाई, झाडां मोज, घरां मोज, कोंबड्यां मोज. मानसां नको मोजू.”

“का गं आजी?”

“मोजलं का सरतं.”

“असं काही नसतं. सरकारसुद्धा माणसं मोजतं.”

“सरकारला कोनाचा काय जातं?” गोजाबाई म्हणाली. मग ती हळू आवाजात बोलली, विनवल्यासारखी. “बरं, तुझा पोट हाय त्यावर. मोज. पन लाभ म्हन. लाभ म्हनलं का मागून आनखी येतात. एक म्हनलं का मानूस एकटा पडतं.”

गौराबाईला बाप आठवला. तोही असंच म्हणायचा, पहिलं लाभाचं, म्हणजे मागचं येतं. क्षणभर तिच्या मनात आलं, काय हरकत आहे? एकच तर शब्द. पण लगेच तो वर्ग हसताना दिसला, दाराशी उभी असलेली ती स्वतः दिसली. साहेब म्हणतील, ही बाई पोरांना काय शिकवणार, ही स्वतःच अडाणी. पुन्हा एकदा चारचौघांत हसं करून घ्यायची तिची तयारी नव्हती.

“काही होत नाही, आजी,” ती हसून म्हणाली. “माझ्यावर सोड. काही झालं तर मला धर.”

गोजाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि भाकर उलटली.

साहेब आले. चढाने दमलेले, पण माणूस मायाळू. बाजेवर बसून त्यांनी पाणी प्यायलं आणि पोरांना गोळ्या दाखवल्या. सादड्याखाली ओळ उभी राहिली. अर्धा पाडा बघायला जमला होता, पण कुणी जवळ येत नव्हतं. काळीने कोंबडी खाली ठेवली, तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “एक!” मग सकू दोन, मंगळू तीन, करत बाळ्या नऊ. नंतर घराघरातली माणसं. कोण कूपावर, कोण रानात, कोण तान्हं, कोण आजारी, पोरांनी सगळं बोटांवर सांगितलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी काळीला मांडीवर घेतलं. “शाब्बास! एक म्हणजे एक नंबर!” असं म्हणून तिला दोन गोळ्या दिल्या.

गौराबाईने अभिमानाने मागे वळून बघितलं. गोजाबाई पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. काळीने एक म्हटलं तेव्हा म्हातारीचे ओठ हलले होते. ती काय पुटपुटली ते तेवढ्या लांबूनही गौराबाईला कळलं. नातीच्या एकावर ती आपला लाभ घालत होती.

साहेब वर्ग चालू ठेवायचं सांगून गेले. वाटेपर्यंत पोचवून गौराबाई परत आली तेव्हा काळीने एक गोळी खाल्ली होती आणि दुसरी कोंबडीपुढे ठेवून ती कधी खाते याची वाट बघत बसली होती.

शिमग्याच्या सुमाराला गोवर आला. तो काही एकट्या सादडपाड्यावर आला नाही. ओढ्यापलीकडच्या पाड्यांवर आधी आला, जिथे कुणी काही मोजलं नव्हतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण गौराबाईनेही स्वतःला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. गोवर काही आकडा विचारून येत नाही. बाळ्याला आला, सकूला आला, मंगळूला आला, आणि काळीला आला. भगताने दाणे टाकले. गौराबाई उन्हातान्हात मोखाड्याला जाऊन आली. दवाखान्यात सांगितलं की गोवराला असं औषध नाही, ऊब द्या, पाणी पाजत राहा, छाती जपा. लाल औषधाची बाटली मिळाली, ती तिने पदरात बांधून आणली.

पोरं एकेक करून निवळत गेली. अंगावरचे पुरळ गेले, डोळे उघडले, भूक लागली. काळीची मात्र छाती भरली. गौराबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि गोजाबाई चमच्याने पाणी घालत होती. पाणी ओठांच्या कडेने खाली यायला लागलं तरी म्हातारी घालतच राहिली. शेवटी गौराबाईनेच तिचा हात धरला.

पाड्यावर आजारी पडलेल्या पोरांपैकी एकटी तीच गेली. पांड्याला कूपावर निरोप गेला, तो आला तेव्हा माती झालेली होती. त्याने पोरीच्या निजायच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, एक दिवस राहिला आणि परत गेला.

पाड्यावर कुणी भांडायला आलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पोश्या एवढंच म्हणाला, आणि तेही गौराबाईला उद्देशून नव्हे, सादड्याकडे बघून, “पैली मोजली ती पैली गेली.” दुसऱ्या दिवसापासून पडवीत कुणी आलं नाही. आया पोरांना घेऊन रानात जायला लागल्या, मोह वेचायला. गौराबाई दिसली की पोरांना मागे घ्यायच्या. तिने तोंडाने आकडा म्हटला तर, अशी त्यांना भीती होती.

ती रोज सकाळी पडवी झाडायची आणि बसून राहायची. रिकामी पागा झाडणारा नवरा तिला तेव्हा आठवायचा. त्या वेळी ती त्याच्यावर चिडायची, आता त्याचं मन तिला कळत होतं. काळीची कोंबडी यायची, ओळीच्या जागेशी घुटमळायची आणि निघून जायची.

एका दुपारी ती गोजाबाईपुढे जाऊन बसली. म्हातारी सुपात नागली पाखडत होती.

“आजी, मी म्हटलं होतं, काही झालं तर मला धर. धर मला. काय बोलायचं ते बोल.”

सूप थांबलं नाही. “तुला धरून काय करू?” गोजाबाई म्हणाली. “तू काय ती हायेस?”

गौराबाई तोंडात पदर कोंबून रडली. ‘एक’ म्हटल्यामुळे पोर गेली असं तिला तेव्हाही वाटत नव्हतं आणि नंतरही वाटलं नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. म्हातारीने मागून मागून काय मागितलं होतं? एक शब्द. घर दिलं, आंबील दिली, नात हाती दिली, आणि बदल्यात एक शब्द मागितला. तो द्यायला काही लागत नव्हतं. लाभ म्हटला असता तरी कदाचित काळी गेलीच असती. पण मग ती आजीच्या शब्दाखालून गेली असती, अशी उघडी पडून गेली नसती. आता म्हातारीला मरेपर्यंत वाटत राहणार की तेवढं एक म्हटलं नसतं तर. ते वाटणं गौराबाईने तिच्या घरात आणून ठेवलं होतं, आणि तेही कशासाठी, तर लहानपणी आपल्याला हसले होते म्हणून.

साहेबांची पुढची खेप पावसाच्या आधी ठरलेली होती. पोरं नसतील तर वर्ग बंद. गौराबाईने मनातून ते मान्य करून टाकलं होतं. तिने आपलं गाठोडंही बांधून ठेवलं. गोजाबाईने ते पाहिलं आणि ती बाहेर पडली.

थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात सकूचा हात होता आणि दुसऱ्यात बाळ्याचा. मागून मंगळू आणि बाकीची पोरं, आणि त्यांच्या मागे लांब उभ्या राहिलेल्या आया. जिचं गेलं तीच दाराशी येऊन पोर मागत होती, तिला नाही कसं म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“बसा रे,” गोजाबाई म्हणाली. मग गौराबाईकडे वळली. “रिकामी पडवी माना बघवत नाय. शिकव तू. पन या पडवीत लाभ म्हनायचा.”

“लाभच म्हणू, आजी,” गौराबाई म्हणाली.

त्या दिवसापासून पोरं पुन्हा लाभ म्हणायला लागली. ओळ सादड्याखालीच उभी राहायची. पहिली जागा मात्र कुणी घेतली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. सकू आपल्या जागी, म्हणजे एक जागा सोडून उभी राहायची, आणि तिच्या मागे बाकीची. मोजायला सुरुवात सकूच करायची.

आभाळ भरून आलं असताना साहेब आले. घाईत होते, ओढ्याला पाणी यायच्या आत त्यांना परत फिरायचं होतं. पोरांना ओळीत बघून त्यांचा चेहरा खुलला. “हं, म्हणा बघू.”

सकू म्हणाली, “लाभ.” मंगळू म्हणाला, “दोन.”

“थांबा, थांबा. हे काय? गेल्या खेपेला किती छान म्हणत होती. लाभ कसला? एक म्हण, बाळ.”

सकूने गौराबाईकडे बघितलं. पडवीच्या खांबाला टेकून गोजाबाई उभी होती, तिने मान दुसरीकडे फिरवली. ती काही मागणार नव्हती. एकदा मागून झालं होतं.

“बाई,” साहेब म्हणाले, आता जरा कडक, “मला हे वर लिहावं लागेल. हे असले अडाणी शब्द मुलांच्या तोंडी राहणार असतील तर आपण वर्ग कशाला चालवतो? तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही मोजून दाखवा त्यांना, नीट पहिल्यापासून.”

गौराबाई उठली. पाडा बघत होता. पोश्या होता, पोरांच्या आया होत्या. तोंडातून आता काय निघतं यावर आपली भाकरी आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि जव्हारला आपल्यासाठी कुणी दार उघडून बसलेलं नाही हेही. लहानपणची ती लाज यायची तिने वाट बघितली. ती आली नाही. ती ओळीपाशी गेली. पहिली जागा तिने ओलांडली नाही, तिला वळसा घातला. मग सकूच्या डोक्यावर हात ठेवला.

“लाभ,” ती म्हणाली. मंगळूच्या डोक्यावर हात ठेवला. “दोन.” मग पुढच्याच्या. “तीन.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “अहो बाई, पण एक कुठे गेला?”

गौराबाईचा हात पुढच्या पोराच्या डोक्यावर होता तसाच राहिला. तिने सकूच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे माती उकरत एक कोंबडी फिरत होती.

“एक गेली, साहेब,” ती म्हणाली, आणि तिथूनच पुढे मोजायला लागली.